बॉनेटवरची वर्तुळे

पेण,
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

प्रिय वैशाली,

या पत्रात मी एकच गोष्ट सिद्ध करणार आहे. तुझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात जी वर्तुळे दिसतात ती तुझ्या हाताने पडली, हा माझा दसऱ्याच्या दिवशीचा आरोप टिकत नाही. आरोप मी चारचौघांत केला होता, त्यामुळे 'जाऊ दे, विसर' एवढ्यावर तो मागे घेता येणार नाही; कारणांसह मागे घ्यावा लागेल. तर्कशास्त्राचे पेपर तपासताना उत्तर बरोबर असले तरी मधल्या पायऱ्या नसतील तर मी गुण कापत असे. स्वतःपुरता तो नियम मला बदलता येत नाही. पत्र लांबेल. ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच, आणि दिनाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. तो माझा भाऊ असला तरी भलत्या जागी हसतो.

घाई कशासाठी, ते आधी सांगते. काल दिनाचा फोन आला. म्हणाला, "ताई, तिनं कोल्हापूरच्या एसटीचं तिकीट बघायला सांगितलंय. गाडीचं नाव काढलं की उठून आत जाते." सुरभीचे दिवस पौषात भरतात. लेक कोल्हापूरला दिली त्याच वर्षी तू दिनाला बजावले होतेस, "पोरीला उद्या काय झालं तर मी काय यष्टीची वाट बघत बसू?" आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, कंपनीतली माणसे शिफ्ट सुटल्यावर थांबून बघत असताना, कुंडलिका नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर तू गाडी शिकलीस. शेजारी दिना दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून बसलेला. त्याला स्वतःला क्लच कधी जमला नाही. पण तुझ्या प्रत्येक वळणाला तो सूचना देत असे. ज्या दिवसासाठी तू हे सगळे केलेस तो दिवस आता तोंडावर आला आहे, आणि माझ्या एका वाक्यामुळे तू गाडीशिवाय निघणार आहेस. ते वाक्य चूक ठरले तर तुला गाडी न नेण्याचे कारण उरत नाही. माझे काम एवढेच.

आता घडलेले जसेच्या तसे. दसऱ्याला सकाळी तुम्ही दोघे आलात. गाडी माझ्या दारात उभी राहिली. झेंडूचा हार, बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळे रीतसर झाले. दुपारी कुंकू वाळल्यावर तू फडके घेऊन बॉनेट पुसलेस. तुझ्या सवयीप्रमाणे, खांद्यातून हात फिरवत, मोठ्या अर्धगोलांत. ऊन कलले होते. सूर्याचे प्रतिबिंब त्या काळ्या पत्र्यावर पडले होते, आणि त्याच्याभोवती बारीक बारीक गोल चरे मला दिसले, कोळ्याने जाळे विणावे तसे. सोने द्यायला आलेली मंडळी अंगणातच होती. मी म्हटले, "वैशाली, गाडी म्हणजे खळं नव्हे. सारवल्यासारखी पुसू नये." सगळे हसले. दिना सर्वांत मोठ्याने हसला, हे इथे नोंदवून ठेवते. तू हसली नाहीस. फडके पिळून दोरीवर टाकलेस, ताटातली आपट्याची पाने उचललीस, त्यांच्याबरोबर गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "घ्या वन्सं, सोनं. गाडी ऱ्हाऊ द्या तुमच्याच दारात, नि फळा पुसल्यासारखी पुसत बसा." मग वाकून नमस्कार केलास, कारण तुझ्या रीतीत कधी खोट निघत नाही, आणि दिनाला पुढे घालून एसटी स्टँडची वाट धरलीस. दिना फाटकापाशी वळून माझ्याकडे पाहत होता. तेव्हा मात्र तो हसत नव्हता.

त्या दिवशी माझ्या मनात जो युक्तिवाद होता, तो पूर्ण मांडते, म्हणजे दोष कुठे आहे ते तुलाही दिसेल. खळे सारवणारा हात गोल फिरतो. तू जिते गावची, भाताच्या घरातली, लहानपणापासून खळी सारवत आलेली. मी फळा पुसत आलेली. फळा गोल पुसला की त्यावर पांढरे ढग राहतात, म्हणून तो वरून खाली सरळ पुसायचा, हा माझा नियम, आणि गाडीलाही मी तोच लावत असे. बॉनेटवरचे चरे गोल आहेत. तेव्हा ते तुझे. ऐकायला हे इतके नीटस वाटते की मी स्वतः त्याला चांगले गुण दिले असते.

दिवाळीत भाऊबीजेला दिना एकटाच रोह्याहून गाडीने आला. रेल्वेच्या, तुझ्या नव्हे. हातात तू दिलेला फराळाचा डबा होता. निरोप नव्हता. मी विचारले, "काही म्हणाली?" तो म्हणाला, "डबा परत आण म्हणाली." मी एक लाडू खाल्ला. मला आवडतो म्हणून त्यात वेलदोडा नेहमीसारखा जास्त होता. रागावलेल्या माणसाने वेलदोडा जास्त घालू नये. त्यामुळे समोरच्याच्या अनुमानाची फार पंचाईत होते. तुझा राग खरा की वेलदोडा खरा, हे मला ठरवता येईना. दोन्ही खरे असू शकतील, हे माझ्या लक्षात आले ते दिना परत गेल्यावर.

तेव्हा मी ठरवले की चरे काढून घ्यायचे आणि गाडी नव्यासारखी करून तुला परत करायची. यात माझा मोठेपणा तुला दिसावा अशी योजना होती, हे लपवत नाही. दार उघडले की समोर ती गाडी. मुले तिच्या धुळीवर बोटाने नावे लिहीत. समोरच्या कारखान्यातले मूर्तिकार मला येता-जाता विचारत, "बाई, गाडी शिकताय की काय?" मला गाडी येत नाही, किल्ली मात्र माझ्याकडे, ही स्थिती फार दिवस शोभेना.

भाविका नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. खाडीकाठची, वडिलांची मिठागरे होती. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची पत्र्याची शेड आहे, आणि गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढून त्यांना चकाकी आणण्याचे काम ती करते. तिला फोन केला तर ती स्वतःच गाडी न्यायला आली. "बाई, किल्ली द्या. तुमी बसा बाजूला. आनि पाय दाबू नका, त्या बाजूला ब्रेक नाय." वाटेत म्हणाली, "तर्कात मना काठावर पास केलंव, हाय ना ध्यानात?" मी म्हटले, "काठावर तू उभी होतीस. मी फक्त पाहिले." यावर ती इतकी हसली की समोरच्या रिक्षावाल्याला हॉर्न द्यावा लागला. तिच्या शेडच्या तोंडाशी लाल अक्षरांत मोठा फलक आहे: 'काळी गाडी गोल पुसू नका.' तो वाचून मला फार बरे वाटले. जाणकाराचे मत माझ्या बाजूचे होते.

तिने गाडी आत घेतली, शटर अर्धे ओढले आणि हातातला प्रखर दिवा लावून बॉनेटवर धरला. काळ्या रंगाचे हेच दुखणे आहे. पांढऱ्या गाडीवर चरे असतातच, दिसत मात्र नाहीत. काळ्या गाडीवर एकही लपत नाही. जाळे लख्ख दिसले. "बाप रे," भाविका म्हणाली, "आरोपी कोन?" मी म्हटले, "भावजय." "मंग काय! केसच झाली!" मी म्हटले, केस अशी होत नाही, पुरावा मांडावा लागतो. तिच्या हातातून दिवा घेतला, बॉनेटच्या मधोमध धरला आणि वर्गात दाखवावे तसे दाखवले. हे केंद्र. इथे हात टेकला, इथून गोल फिरला. दुसरे वर्तुळ दाखवण्यासाठी दिवा जरा उजवीकडे नेला. केंद्रही उजवीकडे आले. मी थांबले. दिवा डावीकडे नेला. वर्तुळे निमूटपणे माझ्या मागोमाग डावीकडे आली. मागच्या दारावर नेला, तिथेही तीच वर्तुळे, आणि बरोबर दिव्याभोवती. शेवटी भाविकाने दिलेल्या स्टुलावर चढून छतावर धरला. वैशाली, छताच्या मध्यापर्यंत तुझा हात पोहोचत नाही. तुझी उंची मला ठाऊक आहे. तिथेही दिव्याभोवती सुबक गोल होते.

"बाई, उतरा आता. काय झाला? गप का झालाव?" भाविका खालून विचारत होती. मी वरूनच म्हटले, "भाविका, वर्तुळ गाडीचे नाही. दिव्याचे आहे."

स्पष्टीकरण सोपे आहे, आणि ते तुझ्या स्वयंपाकघरातच आहे. रोज घासलेले स्टीलचे ताट बल्बखाली धर. त्यावर बल्बभोवती गोल गोल रेघा दिसतील. ताट थोडे हलव, गोलही हलतील. ताटावरचे ओरखडे खरे म्हणजे सगळ्या दिशांनी असतात, उभे, आडवे, तिरके, कसेही. त्यांतले जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात. बाकीचे असून नसल्यासारखे. दिव्याच्या चारी बाजूंना असे आडवे पडलेले चमकले की डोळा त्यांना जोडतो आणि गोल पाहतो. गाडीवर तेच होते. मी त्या दिवशी सूर्याभोवतीचा गोल पाहिला आणि त्यावरून तुझ्या हाताचा गोल ठरवला. लहानपणी रात्री एसटीने जाताना चंद्र आपल्याबरोबर धावतो असे वाटते. तो जित्यापर्यंत बरोबर आला म्हणून काही जित्याचा ठरत नाही.

म्हणजे युक्तिवादाचा खांबच गेला. चरे गोल आहेत हेच खोटे असल्यावर, ते कोणाच्या गोल फिरणाऱ्या हाताचे, हा प्रश्नच उरत नाही. एवढ्यावर आरोप असिद्ध ठरतो. मी सिद्ध करीन म्हटले होते, ते इथे झाले.

भाविकाला मात्र ते पटेना. तिने दिवा घेऊन स्वतः तीनचारदा इकडेतिकडे केले, माझ्याकडे रागाने पाहिले, आणि म्हणाली, "मंग माझा बोर्ड?" मी म्हटले, "बोर्ड चुकीचा आहे." "रंगवून झालाय, बाई! पेनमदला एक तरी पेंटर गनपती सोडून बोर्डाला हात लावतो काय? याच्या पाठी किती फिरलेली मी." मी सुचवले, 'गोल' हा शब्द नुसता खोडावा, म्हणजे 'काळी गाडी पुसू नका' एवढे उरेल. ती म्हणाली, मग गिऱ्हाईक कशाला येईल? हा मुद्दा योग्य होता. त्यावर आमचे अजून ठरलेले नाही.

मला इथे थांबता आले असते. पण चरे तुझे नाहीत असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, मग कोणाचे? तो टाळणे मला बरे दिसेना. माझ्या पिशवीत माझे गाडी पुसायचे कापड होते. माझ्या जुन्या सुती पातळाचा तुकडा, धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की त्याने बाळाचे तोंड पुसावे. भाविकाने दारावरचा वीतभर तुकडा मशीनने अगदी निर्मळ करून दिला, एकही रेघ नाही. मी तो माझ्या पद्धतीने पुसला, वरून खाली, सरळ, फळ्यासारखा. तिने दिवा धरला. आधी काहीच दिसेना. मग तिने दिवा बाजूला नेला आणि माझ्या सगळ्या सरळ रेघा एकदम उजळल्या. "बाई," ती म्हणाली, "आता तुमच्या कापडाला मी काठावर पास करताव."

कापड मऊच होते. दोष कापडात नव्हता, कापडावर होता. मी ते दोरीवर वाळत घालते. दोरीच्या समोर मूर्तींचा कारखाना. तिथे बारा महिने मूर्ती पॉलिश पेपरने घासतात, आणि ती पांढरी भुकटी सगळ्या आळीवर बसते. आपल्याला ती कधी दिसत नाही, कारण आपण तिच्यातच राहतो. दर गुरुवारी तू माझ्याकडे येऊन, जेवून, घटकाभर आडवी झालीस की मी ते कापड घेऊन तुझी गाडी पुसत असे. तू इतक्या लांबून वडखळ-नागोठण्याची धूळ खात येतेस, तर परत जाताना गाडी स्वच्छ असावी, एवढाच विचार. तुला ठाऊक नव्हते. तुला वाटे, आमची आळी स्वच्छ आहे. तेव्हा त्या चऱ्यांत तुझे थोडे, पावसाळी चिखलाचे थोडे, दिनाचे थोडे (तो काचेवरची माशी पुसायला निघतो आणि पत्रा घासतो), आणि सरळ सांगायचे तर सर्वांत जास्त माझे आहेत. याला मी चूक म्हणत नाही. हे अज्ञान आहे, आणि अज्ञानाची माफी मागायची नसते, ते दूर करायचे असते. कापड मी फरशीला दिले.

दूर कसे केले तेही सांगते, कारण मला ते फार आवडले. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतात. मग भाविकाने मातीचा मऊ गोळा काढला. मी म्हटले, "भाविका, पेणमध्ये माती हातात घेतली की पुढे गणपती होतो." ती म्हणाली, "हिचा नाय व्हायचा, ही परदेशी माती." ओल्या पत्र्यावरून तो गोळा फिरवला की रंगात रुतून बसलेले कण तो उचलून घेतो, हाताला पत्रा काचेसारखा लागतो. मग मशीन. तिच्या टोकाला स्पंजाची गादी असते, गादीला दुधासारखे औषध लावायचे आणि संथपणे फिरवायचे. मला वाटत होते की ओरखडे भरून काढतात. तसे नसते. रंगावर एक पातळ पारदर्शक थर असतो, चरे त्या थरात असतात. भोवतालचा थर चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला की चरा राहत नाही. म्हणून हे काम वरचेवर करता येत नाही, थर संपतो. आणि नखाला लागेल इतका खोल चरा असेल तर त्याच्या मागे लागू नये. तसा एक तुझ्या डाव्या दारावर आहे, तो भाविकाने तसाच ठेवला आहे. काही लोक तेल फासून चरे बुजवतात आणि दोन धुण्यांत ते परत येतात. भाविका त्यांच्याविषयी जे बोलली ते या पत्रात लिहिता येणार नाही.

मीही मशीन धरली. हट्टच केला. "बाई, आधी टेकवा, मंग चालू करा," ती ओरडून सांगत होती. मी आधी चालू केली, मग टेकवली. औषध माझ्या पातळावर, चष्म्यावर, भाविकावर आणि भिंतीवरच्या तिच्या कॅलेंडरवर उडाले. गाडीवर सर्वांत कमी. पुढे मात्र जमले. बॉनेटच्या डाव्या अंगाचा एक हातभर भाग पूर्णपणे माझा आहे. त्यात पाहिले तर शेडचे पत्रे, दोरीवरची फडकी, वर बसलेले कबूतर, सगळे उलटे आणि स्वच्छ दिसते. मी त्यात बराच वेळ पाहत बसले, तेव्हा भाविका म्हणाली, "बाई, आरसा घरी नाय काय?"

उजवा भाग मी तिला करू दिलेला नाही. बॉनेटच्या मधोमध तिने चिकटपट्टी लावली आहे. डावीकडे नितळ काळे, उजवीकडे सगळे जाळे जसेच्या तसे. कारण तो एकमेव पुरावा आहे. तो पुसून टाकला आणि नंतर तुला सांगितले की वर्तुळे दिव्याबरोबर फिरत होती, तर तू म्हणशील, वन्सं बोलण्यात कुणाला हार जात नाहीत. तू स्वतः दिवा हातात घे आणि फिरवून बघ. भाविका रोज फोन करते. लग्नसराई आहे, नवरदेवांच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या आहेत, आणि शेडमध्ये अर्ध्या बॉनेटची गाडी मध्यभागी. काल म्हणाली, "तुमची भावजय येतेय का मी रोह्याला जाऊन उचलून आनू?" शनिवारी सकाळी ये. दिनाला आणलेस तरी चालेल, त्यालाही एकदा दिवा धरू दे. उरलेला अर्धा भाग दुपारपर्यंत होईल, आणि मग गाडी तू चालवत ने. एसटीचे तिकीट काढले असेल तर दिनाला त्या तिकिटावर जाऊ दे. तुझ्या शेजारी बसून तो हँडब्रेक धरणार असेल तर तुम्ही दोघे वेगवेगळे गेलेलेच बरे.

आज गुरुवार. समोरच्या घरी घट मांडला आहे, दुपारी हळदीकुंकवाला बोलावणे आहे. सवयीने मी दोघींपुरता भात लावला, आणि तो लावून झाल्यावर मला हे पत्र लिहावेसे वाटले, तेव्हा ते का लिहिले हे शेवटी सांगायला हवे. चऱ्यांविषयी मी जे सांगितले ते सगळे खरे आहे, पण ते फोनवर दिनालाही सांगता आले असते. दसऱ्याच्या सकाळी चक्का फडक्यातून काढताना तू सहज म्हणालीस, की बाळ रांगायला लागेपर्यंत तू कोल्हापूरलाच राहणार. मी विचारले, घाट कोणता धरशील? तू म्हणालीस, ताम्हिणी. मी म्हटले, श्रीखंडाला जायफळ कमी पडले आहे. जायफळ कमी पडले नव्हते. त्यानंतर दुपारपर्यंत मी त्या गाडीत काहीतरी खोट शोधत होते, आणि कलत्या उन्हाने ती मला दाखवली. तू जा. सुरभीला तू हवी आहेस, आणि तुला तिच्यापर्यंत तुझ्या हाताने पोहोचायचे आहे. यात मला बोलायला जागा नाही. गुरुवारी मी काय करायचे हा माझा प्रश्न आहे, तो तुझ्या सामानात बांधू नकोस. बाळाचा आवाज मात्र फोनवर ऐकव, पहिल्याच दिवशी. आणि आता चूक. मी एकच मान्य करणार आहे, तेव्हा नीट वाच. तर्कात दिलेल्या कारणाला हेतू म्हणतात. त्या दिवशी मी दिलेला हेतू गोल चरे हा होता. घरात आपण हेतू म्हणतो तो वेगळा असतो, आणि माझा तो असा होता की तू जाऊ नयेस. मी पहिला चारचौघांत सांगितला आणि दुसरा कोणालाच नाही. ही माझी चूक, आणि ती मी सही करून मान्य करते.

तुझीच,
गिरजावन्सं